खाली माणूस आहे

"आत कोणी नाहीये, काका. नुसता फिरवून बघू का?"

असं तू आत्ता म्हणालास. रागावलो नाही मी. पण आत कोणी नाहीये, हे तुला कोणी सांगितलं? वाकून बघितलंस? नाही ना. मग सोड तो स्विच आणि बस इथे. या सरकत्या जिन्याच्या कठड्याचा नवा रबरी पट्टा घेऊन गाडी यायला अजून तास-दीड तास आहे. दुकानं बंद, दिवे बंद, बाहेरचा रखवालदार कधीच आडवा झालाय. चष्मेवाल्या, थर्मासमधला चहा ओत. आणि पोरी, तू ते हेल्मेट काढून ठेव घटकाभर. इथे बसल्या बसल्या डोक्यावर काही पडायचं नाही.

एक गोष्ट सांगतो. माझी नाही, माझ्याबरोबर बावीस वर्षं काम केलेल्या माणसाची. त्याने मला सांगितली तशीच सांगेन. जे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, तेवढं वेगळं सांगेन. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा.

दोघे भाऊ होते. दोघेही आपल्याच कामातले, लिफ्टचे मेकॅनिक, एकाच कंपनीत. सगळे त्यांना थोरला आणि धाकटा म्हणायचे, खरी नावं फक्त हजेरीच्या वहीत. थोरला अबोल. धाकटा इतका बडबड्या, की लिफ्टच्या दोरांशीसुद्धा बोलायचा. "आज फार कुरकुर करताय, रात्री झोप नाही का झाली?" असं खरोखर विचारायचा त्यांना. वडील लवकर गेलेले. घरात आई आणि हे दोघे. थोरला त्याला 'छोट्या' म्हणायचा. सव्वीस वर्षांचा घोडा झाला तरी छोट्याच.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. एका आठ मजली जुन्या इमारतीतून तक्रार आली, लिफ्टच्या तळाशी काहीतरी खडखडतंय. आता तळाशी म्हणजे कुठे, ते तुम्हाला सांगायला नको. तळमजल्याच्याही खाली, लिफ्टच्या बरोबर पोटाखाली, छातीएवढा खोल खड्डा असतो. तिथे कप्पी असते, स्प्रिंगा असतात, आणि लिफ्ट पूर्ण खाली आली तर माणसाला जागा उरत नाही. धाकटा त्या खड्ड्यात उतरला. थोरला वर, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये, मेन स्विच बंद करून उभा. तेव्हा आमच्यासारख्यांच्या हातात फोन नव्हते. दोर जातात त्या भोकाशी तोंड नेऊन खाली ओरडायचं आणि मग कान लावायचा. तळमजल्यावर लहान मुलं खेळत होती. कोणी खड्ड्यात पडू नये म्हणून धाकट्याने आत उतरल्यावर दार ओढून घेतलं होतं.

थोरल्याने स्विच चालू केला. तिसऱ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट कोणीतरी खाली बोलावली.

पुढचं मी सांगत नाही.

चौकशी झाली. थोरल्याने सांगितलं, "त्याने खालून 'आलो' म्हणून हाक दिली, म्हणून मी चालू केलं." चौकशी चार दिवसांत संपली. कागदावर लिहिलं गेलं: मयताची स्वतःची चूक. त्यावर थोरल्याची सही होती. आईला कोणीतरी तो कागद वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही कधी नाही.

थोरला बदलला. म्हणजे काम सोडलं नाही, उलट कामातच गाडून घेतलं. लग्न केलं नाही. रात्री पुस्तकं आणून वाचायचा, दिवसा आमच्याशी वाद घालायचा. तुम्ही आज जे सगळं गृहीत धरता ना, ते आमच्याकडे एकेक करून त्याच्या हट्टाने आलं. आधी लिफ्ट फरशीच्या दोन बोटं वर नाहीतर खाली थांबायची आणि म्हातारी माणसं ठेचकाळायची. त्याने मोटर हळूहळू मंद करणारं यंत्र बसवायला लावलं. दारात हात आला की दार मागे फिरवणारी किरणांची पट्टी आणली. वीज गेली की बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी पेटी आणली. साहेब वैतागायचे. म्हणायचे, "अरे, नियमात नाही हे." हा म्हणायचा, "नियम लिहिणारा खड्ड्यात उतरलाय का कधी?"

आणि त्याने खड्ड्यासाठी एक डोळा बनवला. खरंच डोळा. खड्ड्याच्या भिंतीवर बसवायचा. खाली कोणी असलं की तो बघणार, आणि वर पॅनेलवर लाल दिवा लागणार. तो दिवा असेपर्यंत लिफ्ट हलायची नाही, कोणी कितीही बटणं दाबू दे. दिवा गेल्यावरही तळमजल्याच्या दाराजवळचं एक बटण माणसाने स्वतः जाऊन दाबलं तरच पुन्हा चालू. पॅनेलवर त्या दिव्याखाली कंपनीने काहीतरी आकडे छापले होते. त्याने त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'खाली माणूस आहे.'

तो डोळा पहिल्यांदा बसवायची वेळ आली, ती त्याच आठ मजली इमारतीत. धाकटा गेल्यानंतर अकरा वर्षांनी. तिथली जुनी लिफ्ट काढून सगळं नवीन करायचं काम निघालं. साहेबांनी माझं नाव लिहिलं होतं. थोरला म्हणाला, "मी करतो." मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "बघू नकोस असा. मी करतो म्हणालो ना."

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट ही. मार्च महिना, एकवीस तारीख, मंगळवारची रात्र.

काम तसं संपलं होतं. एकोणीस दिवस लिफ्ट बंद होती. सातव्या मजल्यावर एक आजी राहायच्या. मूत्रपिंडाचं दुखणं, आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला दवाखान्यात जावं लागायचं. एकोणीस दिवस त्यांचा मुलगा आणि वॉचमन मिळून त्यांना खुर्चीत बसवून सात मजले उतरवत होते आणि सात मजले चढवत होते. बुधवारी सकाळी साडेसातला पुन्हा जायचं होतं. थोरल्याने त्यांना शब्द दिला होता, "उद्या तुम्ही लिफ्टने जाल." त्या रात्री तो गेला, तो फक्त शेवटची चाचणी करायला. रिकामी लिफ्ट वर-खाली फिरवायची, वहीत टिपायचं, घरी जायचं. दीड-दोन तासांचं काम. मला म्हणाला, "तू कशाला येतोस, झोप."

अकराला सुरू केलं. एकपर्यंत सगळं सुरळीत. लिफ्ट इतकी हळुवार थांबत होती, की आत ठेवलेल्या पाण्याच्या ग्लासावर तरंग उठत नव्हता. त्याने ते वहीत लिहिलंय, मी वाचलंय. वॉचमनने खालून फोन करून विचारलं, "मिस्त्री, चालू आहे का बंद? आवाजच येत नाही हो." थोरला म्हणाला, "आवाज येत नाही, म्हणजेच चालू आहे."

एक चाळीसला लाल दिवा लागला.

त्याला आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, डोळा काम तरी करतोय. उंदीर असेल. आठ मजले उतरला. किल्लीने दार उघडलं, बॅटरी मारली. खड्ड्यात झिरपलेलं वीतभर पाणी होतं, ते उपसायला दुसऱ्या दिवशी पंप यायचा होता. पाणी शांत. नवी शिडी. स्प्रिंगा. कोपरे बघितले. काही नाही. दार लावलं, बटण दाबलं, आठ मजले चढला.

वॉचमन म्हणाला, "व्यायाम चाललाय वाटतं."

दोन वाजून पाच मिनिटांनी पुन्हा लागला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून खाली येत होती, तिथेच थबकली.

पुन्हा उतरला. पुन्हा दार. पुन्हा बॅटरी. पाणी. शिडी. या वेळी त्याने पाण्यात पान्हा फिरवून बघितला. काही नाही. पण पाणी हलत होतं. म्हणजे, त्याने पान्हा घालायच्या आधीच… हलत होतं.

तो म्हणाला, "मी स्वतःला म्हटलं, दार उघडल्यामुळे वारा लागला असेल."

वर आला. घामाघूम झाला होता. लिफ्ट चालू केली. ती हातभर सरकली.

दिवा लागला.

त्याने वॉचमनला फोन केला. "खाली कोणी गेलंय का?"

"नाही हो. मी दारासमोरच बसलोय."

"दार?"

"तुम्हीच लावून गेलात की."

आता ऐका. आपल्यातल्या कोणीही करू नये, पण रात्री अडीच वाजता थकलेला माणूस करतो, ते तो करायला निघाला. डोळ्याची तार काढून दोन टोकं एकमेकांना जोडायची, म्हणजे पॅनेलला वाटतं सगळं ठीक आहे, आणि लिफ्ट चालू होते. ज्याने तो डोळा बनवला, तोच त्याला फडकं बांधायला निघाला होता. त्याच्या डोळ्यासमोर सातव्या मजल्यावरच्या आजी होत्या. शब्द दिला होता. त्याने तारेचा एक तुकडा सोलला. स्क्रू सैल केला.

इंटरकॉम वाजला.

नवीन बसवला होता तो. तीन ठिकाणांहून बोलता यायचं. एक लिफ्टच्या आतून, एक वॉचमनच्या टेबलावरून, एक खड्ड्यातून. जिथून फोन येईल, तिथला दिवा लागायचा.

खड्ड्याचा दिवा लागला होता.

त्याने उचलला. पलीकडे कोणी बोलत नव्हतं. पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. परत एक थेंब. मग कोणीतरी श्वास घेतला… जसा आपण काम करताना, वाकलेलो असताना घेतो.

आणि मग…

"दादा, एक मिनिट."

एवढंच.

थोरला मला म्हणाला, "रागाने नाही रे. ओढून-ताणून नाही. अगदी साधं. तोंडात बॅटरी धरून बोलताना कसे शब्द चेपतात, तसे चेपलेले."

…

चहा घ्या. गार होतोय.

तुम्हाला वाटेल, घाबरून तो पळाला असेल. मलाही तसंच वाटलं होतं. तो पळाला नाही. हातातली तार खाली ठेवली आणि फरशीवर बसला. कारण हे शब्द त्याने पहिल्यांदा ऐकले नव्हते. अकरा वर्षांपूर्वी, त्याच मशीन रूममध्ये, दोराच्या भोकातून हेच तीन शब्द आले होते. 'आलो' नव्हे. धाकटा 'आलो' म्हणालाच नव्हता. थोरल्याने वरून विचारलं होतं, "झालं का?" आणि खालून उत्तर आलं होतं, "दादा, एक मिनिट."

त्याने ते ऐकलं होतं. स्पष्ट ऐकलं होतं. आणि ते जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

त्या दिवशी दुसऱ्या इमारतीत एक बाई लिफ्टमध्ये अडकली होती. साहेबांचे तीन निरोप येऊन गेले होते. त्याला वाटलं, एक मिनिट म्हणजे काय, आलाच तो. थांबला तो. पण मिनिट नाही थांबला.

आता काय केलं त्याने? मेन स्विच बंद केला. नव्या पॅनेलबरोबर आपल्याकडे तेव्हा ती कुलपांची पद्धत नुकतीच आली होती. तुम्ही शिकलात ना, स्विच बंद केला की त्या लोखंडी पट्टीत जितकी माणसं कामावर, तितकी कुलपं लावायची. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एक जरी कुलूप असलं तरी स्विच चालू होत नाही. त्याने आपलं कुलूप लावलं. मग सामानातून एक कोरं कुलूप काढलं, पिशवीतून सोडवलं, आणि शेजारी दुसरं लावलं. त्याची किल्ली मुठीत घेऊन आठ मजले उतरला.

खाली दार उघडलं. बॅटरी लावली नाही. फरशीच्या काठावर पाय आत सोडून बसला. वॉचमन हे सगळं बघत होता. मला त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं, शब्दन् शब्द जुळला.

थोरला अंधाराशी बोलला. "छोट्या, तू 'आलो' म्हणाला नव्हतास. मी खोटं सांगितलं. साहेबांना सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आईला सांगितलं. तुझ्या नावावर चूक लिहिली आणि खाली मी सही केली. मी पंधरा-वीस सेकंद थांबलो असेन. जास्त नाही."

त्याने मुठीतली किल्ली पुढे धरली.

"आता मी थांबतो. वर तुझं कुलूप लावलंय. ही त्याची किल्ली. तू उघडल्याशिवाय कोणी चालू करणार नाही. मीपण नाही. तुझं एक मिनिट कितीही मोठं असू दे."

आणि त्याने किल्ली खाली टाकली. डुबुक असा आवाज आला. वॉचमननेही ऐकला.

मग तो बसून राहिला. तीन वाजले. चार वाजले. वॉचमन म्हणतो, चारनंतर त्याची मान खाली गेली होती, बसल्या बसल्या झोपला होता. थोरला म्हणतो, झोपलो नाही. मला माहीत नाही कोणाचं खरं. पण तो जागचा उठला नाही, यावर दोघांचंही एकमत.

साडेपाचला आजींचा मुलगा खाली आला. "झालं का हो? आई विचारतेय, खुर्ची काढायची की नाही?"

थोरला म्हणाला, "माझ्या हातात नाही आता."

"म्हणजे?"

"अजून एक माणूस कामावर आहे. त्याचं व्हायचंय."

मुलाने आत डोकावून बघितलं. खड्डा रिकामा. तो वॉचमनकडे बघू लागला. वॉचमनने मान खाली घातली.

मला सहाला फोन आला. पावणेसातला पोचलो. थोरला त्याच जागी. डोळे सुजलेले. त्याने मला सगळं सांगितलं, आत्ता तुम्हाला सांगितलं तसं, सलग, एकदाही न अडखळता. तोवरच्या सगळ्या वर्षांत मिळून तो माझ्याशी जेवढं बोलला नसेल तेवढं त्या वीस मिनिटांत बोलला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला. "मी घरी जातो," म्हणाला, "आईला सांगायला. ते दुसरं कुलूप तोडू नकोस. तुला माझी शपथ आहे." आपल्या कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली आणि गेला.

घरी काय झालं, ते त्याने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. आई भाजी निवडत बसली होती. हा तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "आई, छोट्या 'आलो' म्हणाला नव्हता."

ती निवडत राहिली. म्हणाली, "'एक मिनिट' म्हणाला होता."

याने मान वर केली. "तुला… कोणी सांगितलं?"

"तूच सांगतोस. रोज रात्री, झोपेत. अकरा वर्षं झाली."

"मग तू बोलली का नाहीस?"

ती म्हणाली, "तू जागेपणी कधी सांगतोस, त्याची वाट बघत होते. मी काढलं असतं, तर तू हे घर सोडून गेला असतास. मला एकच उरला होता."

मग तिने भाजीची परात बाजूला सारली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. पन्नाशीला टेकलेला माणूस तो.

त्याने कंपनीला पत्र लिहिलं. साहेब म्हणाले, जुनं उकरू नकोस. याने ऐकलं नाही. दोन वर्षं त्याला बाहेरच्या कामावर पाठवलं नाही, गोदामात बसवलं. पण तो कागद बदलला. 'मयताची स्वतःची चूक' ही ओळ खोडली गेली. बदललेला कागद त्याने आईला स्वतः वाचून दाखवला.

मी मावशींना भेटायला गेलो होतो त्यानंतर. हो, त्याच्या आईला मी मावशी म्हणायचो. म्हटलं, "आता झोपतो ना नीट?"

"झोपतो," म्हणाल्या. "शांत झोपतो. बोलत नाही आता." मग म्हणाल्या, "मीच जागी असते. वाईट होतं रे ते, पण रोज रात्री छोट्याचं नाव तरी कानावर पडायचं."

मावशी गेल्या चार वर्षांपूर्वी. थोरला आहे. गावाबाहेर बहिणीच्या… नाही, मावसबहिणीच्या घरी राहतो. लिफ्टमध्ये बसत नाही, जिन्याने जातो. विचारलं तर म्हणतो, घाई कसली आहे.

आता त्या सकाळचं राहिलं. ते मी पाहिलंय, म्हणून शेवटी ठेवलं.

थोरला घरी गेला, आणि मला साहेबांचा फोन. "आजीबाईंचा मुलगा माझ्या डोक्यावर बसलाय. कसलं कुलूप? कापून टाक." मी म्हटलं, "त्याने शपथ घातलीय." साहेब म्हणाले, "शपथेवर लिफ्ट चालते का?" सात वाजून दहा मिनिटं झाली होती. वर आजी तयार होऊन बसलेल्या. काय करू? मी गाडीतून मोठी कात्री काढली, लोखंड कापायची, आणि जिना चढायला लागलो. प्रत्येक मजल्यावर थांबत होतो. दम लागला म्हणून नाही. मित्राची शपथ मोडायला जाताना पाय उचलत नाहीत. सातव्या मजल्यावर आजी दारातच खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मला म्हणाल्या, "सावकाश कर रे बाबा. मी थांबते." मी मान वर केली नाही.

गच्चीवर आलो. मशीन रूमचं दार बाहेरून कडी लावलेलं, थोरल्याने रात्री लावलं होतं तसंच. कडी काढली. पत्र्याच्या छपराची खोली ती, मार्च महिना. सकाळीच आत भट्टीसारखी गरम हवा. फरशी कोरडी ठणठणीत. पॅनेलवरचा लाल दिवा… स्विच बंद होता, दिवा लागायचा प्रश्नच नव्हता. त्याच्याखाली ती कागदाची पट्टी.

मेन स्विचपाशी गेलो. कात्री उचलली.

पट्टीत एकच कुलूप होतं. थोरल्याचं.

दुसरं… बाजूला, भिंतीतल्या खिळ्यावर. उघडलेलं. नीट अडकवून ठेवलेलं, काम संपल्यावर आपण ठेवतो तसं. किल्ली त्याच्यातच.

हो, मला माहीत आहे तू काय विचारणार, चष्मेवाल्या. कोऱ्या कुलपाला दोन किल्ल्या येतात. बरोबर. दुसरी किल्ली ऑफिसच्या कपाटात, सीलबंद पाकिटात होती. मी त्याच दुपारी जाऊन पाकीट बघितलं. सील तसंच. मग म्हणशील, थोरल्यानेच रात्री खड्ड्यात उतरून काढली असेल, वर नेऊन उघडलं असेल. मीही तेच म्हटलं स्वतःला. पण वॉचमन रात्रभर त्याच्यासमोर बसला होता. आणि तो उतरला असता, तर त्याची पँट पोटरीपर्यंत भिजली असती. मी त्याला पावणेसातला बघितलंय. कोरडा होता.

मी थोरल्याचं कुलूप काढलं. स्विच चालू करायच्या आधी दोराच्या भोकाशी वाकलो आणि खाली ओरडलो, "कोणी आहे का?" उत्तर आलं नाही. मी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट थांबलो. मग चालू केलं, आणि वॉचमनला फोन करून खालचं दार लावून ते बटण दाबायला सांगितलं. लाल दिवा लागला नाही. साडेसातला आजी लिफ्टने खाली गेल्या.

पण ते नंतर. त्याआधी, स्विचला हात लावायच्याही आधी, मी ते दुसरं कुलूप खिळ्यावरून काढायला गेलो होतो. हात पुढे केला, आणि तसाच राहिलो.

किल्लीच्या टोकाला एक थेंब जमत होता. मी बघत असतानाच तो मोठा झाला… आणि खाली पडला.